सातव्या रांगेतली चारशे सतरा

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, हे सांगताना मला जरा संकोच वाटतो. खुर्ची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. म्हणून गैरसमज आधीच दूर करते. माझ्यासाठी आजवर कुणी पक्ष बदललेला नाही, कुणी कुणाचे पाय ओढलेले नाहीत, आणि मला चिकटून तर कुणीच बसलं नाही. एकदा एक गृहस्थ चिकटले होते, पण तेव्हा माझा रंग ओला होता. मी आपली साधी घडीची खुर्ची. उघडली की चार पाय, मिटली की पाटीसारखी सपाट. सभा, समारंभ, गाण्याचे कार्यक्रम असले की मला भाड्यानं नेतात, आणि संपले की ट्रकमध्ये फेकतात. 'फेकतात' हा शब्द मी तक्रार म्हणून वापरत नाही. ती आमच्या धंद्यातली पद्धत आहे.

मित्रांनो, माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. ज्या वेल्डरनं मला जोडलं त्यानं त्याच दिवशी माझ्यासारख्या आणखी चाळीस जणींना जन्म दिला आणि संध्याकाळी 'आज काम कमी झालं' म्हणून बोलणी खाल्ली. अशा आम्ही बाराशे जणी झालो. सगळ्यांचे नाक-डोळे एकच. मग एकानं साचा धरून प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा काढला. माझ्या वाट्याला चारशे सतरा आला. काढणाऱ्याला त्याच वेळी शिंक आली, त्यामुळे सातचं शेपूट खाली ओघळलं. बाराशे जणींत माझं वेगळेपण काय ते तेवढंच.

दुकानात आम्ही एकमेकींना टेकून अंधारात उभ्या असायचो. तिथं एकेकीला पाहिलं तर दया यावी. पण मैदानावर रांगा लागल्या की आमचं रूपच पालटायचं. एकटी खुर्ची म्हणजे कुणाची तरी वाट पाहणारी खुर्ची. बाराशे खुर्च्या म्हणजे, आता काहीतरी होणार!

माझी पहिली सभा कसली होती, ते मला आठवत नाही. भाषण पाणी जपून वापरण्याविषयी होतं आणि बोलता बोलता वक्त्यांनी चार ग्लास पाणी संपवलं, एवढं लक्षात आहे. पाचव्या ग्लासाला त्यांना ठसका लागला. माइकमधून तो असा काही गडगडला की सगळं मैदान हसलं. हसू माणसाच्या तोंडातून निघतं असा तुमचा समज आहे. आम्हाला विचाराल तर ते कमरेतून निघतं. पुढच्या रांगेतलं हसू जमिनीतून येऊन माझ्या पायांत शिरलं, माझ्यावर बसलेल्या बाईंचं त्यात मिसळलं, आणि सगळं मिळून मागच्या रांगेत गेलं. ते कुणाचं होतं, हे शेवटी कुणालाच सांगता आलं नसतं. आणि टाळ्या वाजवायला सगळे उठतात तेव्हा? तेव्हा बाराशे खुर्च्या एकदम हलक्या होतात. पायांखाली जमीन असूनही आपण बोटभर वर उचललो गेलो आहोत, असं वाटतं. तो क्षण ज्या खुर्चीनं अनुभवला, तिला दिवाणखान्यातली गादीची खुर्ची होण्याचा मोह कधी होत नाही.

आमचा कारभार मुकादमाकडे होता. सव्वीस वर्षं एकच मैदान आणि एकच पद्धत. मैदानाच्या कडेला तीन मजली इमारत होती. तिच्या कुंपणाच्या भिंतीत मुकादमानं स्वतः ठोकलेला एक खिळा होता. व्यासपीठ नेहमी त्या भिंतीला लागून. तेव्हा खिळ्याला सुतळी बांधायची, ती ताणत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, आणि तिच्या दोन्ही अंगांना भिंतीकडे तोंड करून खुर्च्या लावायच्या. चाळीस-चाळीसच्या तीस रांगा. काम करताना मुकादम फक्त सुतळीकडे पाहायचा. वर आभाळ फाटलं तरी त्याला ते सुतळी ओली झाल्यावर कळलं असतं. "माणसं वाकडी बसली तर बसू द्या, खुर्ची वाकडी दिसली नाही पाहिजे," असं तो म्हणायचा. एवढं म्हणून तो स्वतः कधी बसायचा नाही.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ऑपरेटरबाई राहायच्या. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून हजारो माणसांचे आवाज ऐकले, पण चेहरा एकाचाही पाहिला नाही. निवृत्त झाल्या त्या आठवड्यापासून त्या मैदानावर यायला लागल्या. कार्यक्रम कोणता, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

"बाई, आज दंतवैद्यांची परिषद आहे," मुकादम सांगायचा. "तुम्ही काय करणार?"

"दात आहेत की मला अजून! माणसं किती येणार?"

"आठशे तरी येतील."

"मग झालं तर."

त्या आल्या की आजूबाजूच्या माणसांची जोडणी सुरू व्हायची. ही एक्स्चेंजची सवय. "तुमच्या मागे बसलेत ना, त्यांचाही गुडघाच दुखतो. बोला त्यांच्याशी, जोडून देते." अशा रीतीनं त्यांनी मैदानावर दोन लग्नं जुळवली, एक भांडण मिटवलं आणि एक नवीन लावून दिलं. बोलणारा व्यासपीठावरून घसा फोडत असायचा, आणि इकडे बाई माणसांचे चेहरे बघत तृप्त बसलेल्या असायच्या.

त्यांनी मला कशी निवडली? बाकीच्या जणी उघडताना बोटं चिमटायच्या, मी चिमटत नव्हते. माझा हा एकमेव सद्गुण. एकदा त्यांनी पिशवीतून निळ्या लोकरीचा तुकडा काढून माझ्या पाठीच्या दांडीला बांधला. पुढच्या वेळी त्या कार्यक्रमाच्या तासभर आधी आल्या आणि रांगारांगांतून मला शोधत फिरल्या. दोनदा-तीनदा असं झाल्यावर मुकादम वैतागला.

"बाई, बाराशे आहेत. कुठलीही घ्या ना! लोखंड तेच."

"अरे, माणसंही तीच असतात. म्हणून काय कुठल्याही घरात जाऊन बसतोस का रे?"

मुकादम मान हलवत सुतळीकडे वळला. पण तेव्हापासून मी कायम सातव्या रांगेत मधोमध, सुतळीला लागून असायचे.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. मैदानावर सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, मोहरीएवढी चक्रं चिमट्यानं उचलणारा माणूस. त्यांना गर्दीचं वावडं. "गर्दी म्हणजे काय, एकाच वेळी चुकीच्या जागी आलेली माणसं," हे त्यांचं मत. तरी ते बाईंना फाटकापर्यंत सोडायला यायचे, आणि कार्यक्रम संपेपर्यंत फाटकाबाहेर छत्री घेऊन उभे राहायचे. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री असायचीच. आत या म्हटलं तर म्हणायचे, "मी इथं बरा आहे. तू ये जाऊन." प्रेम करण्याच्या पुष्कळ पद्धती आहेत, त्यांतली ही एक.

वर्षातला सगळ्यांत मोठा कार्यक्रम म्हणजे अग्निशमन दलाच्या बँडचा. मित्रांनो, तो बँड सुमार होता. हे बँडला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. आग विझवणारी चांगली माणसं ती, त्यांनी सूरही त्याच तडफेनं विझवले. पण त्यामुळे एक विलक्षण गोष्ट व्हायची. बँड चुकला की लोक त्याला सांभाळून घ्यायला मोठ्यानं गायचे. तुतारी घसरली की पहिल्या दहा रांगा तिला उचलायच्या, ढोल मागे पडला की मागच्या दहा रांगा टाळ्यांनी त्याला ओढत आणायच्या. शेवटच्या गाण्यापर्यंत बँड वाजवतोय आणि लोक ऐकतायत, असं काही उरायचंच नाही. सगळं मैदानच गायचं. बँड चांगला असता तर लोक हाताची घडी घालून बसले असते.

असंच एका वर्षी शेवटचं गाणं चाललं होतं. सगळे उभे होते. बाई ठेंगण्या, त्यांना पुढच्या रांगेच्या मानांशिवाय काही दिसेना. त्यांनी चपला काढल्या आणि त्या माझ्यावर उभ्या राहिल्या.

मी धरून ठेवलं होतं, मित्रांनो. पण माझ्या मागच्या डाव्या पायाखाली जमीन भुसभुशीत होती. पाय खचला, बिजागरी सुटली, आणि मी दुमडले. मी, जी कुणाचं बोट कधी चिमटत नव्हते, ती ऐन वेळेला मिटले. बाई खाली पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

पुढचं मी जमिनीवर आडवी पडून ऐकलं. गाणं आधी सातव्या रांगेत थांबलं, मग सहाव्या-आठव्या, आणि मग तळ्यात तरंग जावा तसं कडेपर्यंत थांबत गेलं. 'पडल्या, बाई पडल्या' असं तोंडातोंडी झालं. कुणी तरी मला उघडलं, चार अनोळखी माणसांनी बाईंना माझ्यावर बसवलं आणि आम्हाला खांद्यांच्या वर उचललं. बाराशे माणसांत उभी वाट फुटली. घड्याळकाका छत्री टाकून फाटकातून आत घुसले होते. त्यांना पन्नास पावलांना किती वेळ लागला, ते त्यांनी नंतर सेकंदात सांगितलं. दोनशे चाळीस. घड्याळवाला माणूस, असलं काही विसरत नाही.

दवाखान्यातून बाई घरी आल्या, त्याही माझ्यावरच बसून. आणि मी तिथंच राहिले.

एक बाई पडल्या आणि आम्ही तिघं अपराधी झालो. मी दुमडले म्हणून, मुकादमानं तिथली जमीन दाबून पाहिली नाही म्हणून, आणि घड्याळकाका फाटकाबाहेर होते म्हणून. अपराधी वाटत नव्हतं ते फक्त बाईंना. त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या, "अहो, मला वर उचललं ना, तेव्हा आख्खं मैदान दिसलं! सगळे चेहरे! इतकी वर्षं मैदानावर गेले, पण असं कधी दिसलं नव्हतं." हे ऐकलं की घड्याळकाका उठून आतल्या खोलीत जायचे.

त्यांनी मला खिडकीपाशी ठेवलं. दर रविवारी घड्याळाचं तेल माझ्या बिजागरीत सोडलं. इतक्या उंची तेलाची मला सवय नव्हती, पहिले काही दिवस मी अवघडलेच. मग त्यांनी जाड तार आणून माझे पाय एकमेकांना असे बांधले की मी पुन्हा कधी दुमडूच नये. त्यांचं बरोबरच होतं. पण न दुमडणारी खुर्ची ट्रकमध्ये जात नाही, आणि ट्रकमध्ये न जाणारी खुर्ची मैदानावर जात नाही.

सहा महिन्यांत हाड जुळलं. बाई काठी घेऊन घरात चालायला लागल्या. तीन जिने उतरायचा विषय निघाला की काका म्हणायचे, "पुढच्या महिन्यात बघू." तो पुढचा महिना पुढेच राहिला. दारात आलेली कार्यक्रमांची पत्रकं ते घड्याळाच्या खोक्यांखाली दडवायचे. बाईंना ते ठाऊक होतं. खोकी पुसायच्या त्याच. पण त्या कधी भांडल्या नाहीत. दोनशे चाळीस सेकंदांचा हिशेब त्यांनाही माहीत होता.

खिडकीतून दिसायचं काय, तर व्यासपीठाचं छत आणि त्यामागचा भला थोरला पडदा. माणसं पडद्यापलीकडे. टाळ्या ऐकू यायच्या, हसणं ऐकू यायचं, चेहरा एकही दिसायचा नाही. एके दिवशी बाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा एक्स्चेंजमध्ये बसल्यासारखं वाटतं हो." काका चक्र बसवत होते. चक्र निसटलं आणि सगळी सकाळ शोधूनही सापडलं नाही.

मुकादम एकदा मला न्यायला आला होता. त्यानं बाईंना माझ्यावर बसलेलं पाहिलं, माझ्या पायांची तार पाहिली, आणि चहा पिऊन उठला.

"मालकांना सांगतो, एक मोडली म्हणून."

"माझ्या जागेवर कोण बसतं रे आता?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. तिथं मी खुर्चीच लावत नाही. लोक विचारतात, हे दाताच्या खिंडारासारखं काय ठेवलंयस? म्हटलं, खाली जमीन भुसभुशीत आहे."

"अजून आहे का?"

"दगड घालून ठोकून काढलीय, बाई. आता हत्ती उभा केला तरी खचायची नाही. पण लोकांना कशाला सांगायचं?"

मित्रांनो, बाराशे खुर्च्यांत आपली जागा कुणी रिकामी ठेवली आहे, हे कळल्यावर लोखंडालासुद्धा काहीतरी होतं. बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मी त्यांचं वजन ओळखते. त्या दिवशी ते जास्त होतं.

मग बरोबर वर्षानं पुन्हा बँडचा कार्यक्रम आला.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या कुंपणालगत पाण्याच्या नळासाठी चर खणला होता. तिथं व्यासपीठ उभं राहणं शक्य नव्हतं. म्हणून आयोजकांनी ते मैदानाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचं ठरवलं. ही बातमी त्यांनी व्यासपीठवाल्यांना दिली, वीजवाल्यांना दिली, बँडला दिली, प्रमुख पाहुण्यांना तर दोनदा दिली. मुकादमाला द्यायची राहिली. खुर्च्यांना काय सांगायचं असतं?

मुकादम नेहमीसारखा सकाळीच आला. चर ओलांडून त्यानं खिळ्याला सुतळी बांधली आणि खाली मान घालून कामाला लागला. दुपारपर्यंत एक हजार एकशे नव्व्याण्णव खुर्च्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सुतळीसारख्या सरळ. मग तो जेवायला गेला. तो गेल्यावर पलीकडच्या टोकाला ट्रक आला आणि खुर्च्यांच्या पाठीमागे व्यासपीठ उभं राहिलं.

संध्याकाळी लोक यायला लागले. आता तुम्ही म्हणाल, लोकांना दिसलं नाही का? दिसलं की. पण माणूस खुर्चीचं तोंड जिकडे असेल तिकडे पाहतो, ही माझ्या सबंध आयुष्यातली सगळ्यांत पक्की माहिती. पहिले आले त्यांना वाटलं, काहीतरी नवीन योजना असेल. नंतरच्यांना वाटलं, पहिल्यांना माहीत असेल. पहिल्या रांगेत राखीव जागी मान्यवर येऊन बसल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. बाराशे माणसं ताठ बसून, अपेक्षेनं, नळाचा चर आणि त्यामागची तीन मजली इमारत पाहू लागली.

खिडकीत बाई होत्या. माझ्यावर बसलेल्या.

"अहो, इकडे या जरा."

"काय गं?"

"सगळे आपल्याकडे बघतायत."

"आपल्याकडे कशाला बघतील?"

"बघतायत म्हणते ना! या तरी."

काका डोळ्याचं भिंग कपाळावर ढकलत खिडकीशी आले. पडदा नाही, छत नाही. खाली चेहरेच चेहरे. पेरलेले उगवावेत तसे. त्यांनी आयुष्यात इतके चेहरे एका वेळी पाहिले नव्हते. ते चटकन भिंतीआड झाले.

बाईंनी मात्र हात हलवला.

चौथ्या रांगेतल्या कुणीतरी, कार्यक्रमातलंच काही असेल अशा समजुतीनं, हात हलवला. मग त्याच्या शेजारचीनं. मग कुणीतरी ओळखलं. "अहो, या तर ऑपरेटरबाई! गेल्या वर्षी पडलेल्या!" आणि नाव रांगांमागून रांगा ओलांडत गेलं, हसू जातं तसं, जमिनीतून. सगळं मैदान हात हलवायला लागलं. पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनीही हलवले, कारण तो त्यांचा सरावच होता. बाई माझ्या अगदी कडेवर सरकल्या होत्या. माझ्या पुढच्या दोन्ही पायांना ते कळत होतं.

एवढ्यात पलीकडच्या टोकाला बँडमास्तरांनी काठी उचलली आणि समोर पाहिलं. त्यांच्यासमोर बाराशे डोकी होती, पण मागच्या बाजूनं. त्यांनी काठी खाली घेतली. मुकादम भिंतीपाशी खिळ्याची सुतळी सोडवत होता. 'सगळे कुणाला हात करतायत' म्हणून त्यानं सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. वर बाई दिसल्या. मग तो वळला, आणि दूरवर व्यासपीठ दिसलं. त्याचा चेहरा मी तिसऱ्या मजल्यावरून पाहिला. चुकीच्या दिशेनं उभ्या केलेल्या खुर्च्या सगळ्या सरळ रांगेत होत्या, हीच त्यातल्या त्यात त्याची अब्रू.

"उठा!" तो ओरडला. "उठा हो सगळे! आपापली खुर्ची फिरवा!"

बाराशे माणसं उठली, वाकली, आणि बाराशे खुर्च्या एकदम फिरल्या. असा आवाज मी पुन्हा ऐकणार नाही. पहिल्या रांगेतले मान्यवर एका क्षणात तिसाव्या रांगेत गेले आणि उशिरा आलेले, पोरसवदा, कोपऱ्यातले, भिडस्त असे सगळे पहिल्या रांगेत आले. मैदान पोट धरून हसलं. पण ते हसू आता पलीकडे तोंड करून होतं.

बाईंसमोर चेहरा एकही उरला नव्हता. सगळ्या पाठी.

"फिरले सगळे," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. हात अजून थोडा वरच होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला.

काका भिंतीआडून पुढे आले. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग खाली. भिंग कपाळावरून नकळत डोळ्यावर आलं, जरी एवढ्या लांबचं त्यातून काही दिसत नाही. त्यांनी ते पुन्हा वर सारलं. रांगा सरळ होत्या. एकीत मात्र, मधोमध, एका खुर्चीएवढी जागा मोकळी होती.

"तिथं एक दात नाही," ते पुटपुटले. "एक दात नसला की चक्र अडखळतं."

"माझी जागा आहे ती," बाई म्हणाल्या. "मुकादम ठेवतो."

काका त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. किती सेकंद, ते या खेपेला त्यांनी मोजले नसावेत. मग ज्या माणसाचा आवाज शेजारच्या खोलीतही कधी गेला नव्हता, तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडला, "मुकादम! वर या! चार माणसं घेऊन या!"

आणि मग घाबरल्या त्या बाई.

"अहो, नको. आणि पडले म्हणजे?"

"पडलीस तर तिथं बाराशे माणसं आहेत," काका म्हणाले. "इथं पडलीस तर मी एकटाच आहे."

बाईंनी माझ्या दांडीवरची निळी लोकर चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, "थांबा. बरी साडी नेसते."

मुकादम आणि चौघं धापा टाकत वर आले. मला उचलताना मुकादमानं तार हलवून पाहिली. "काका, ही बांधलीय म्हणजे चिंताच नाही." तीन जिने आम्ही वाकडेतिकडे होत उतरलो. बाई वळणावळणावर सूचना देत होत्या, "अरे, भिंत बघा! माझी कोपरं बघा! तुझं नाव काय रे? आणि तुझं? तुम्ही दोघं एकाच मजल्यावर राहता आणि बोलत नाही? शोभतं का?"

बँड थांबून राहिला होता. मैदानाच्या कडेला आम्ही पोचलो आणि गर्दीत वाट फुटली, वर्षापूर्वी फुटली होती तशीच. फक्त या वेळी ती आत जात होती. आणि छत्री न घेतलेले घड्याळकाका त्या वाटेनं आमच्या मागोमाग चालत होते. मला मुकादमानं खाली ठेवलं. एकेका पायाखालची जमीन टाचेनं दाबून पाहिली. दोन्ही बाजूंना माझ्या बहिणी होत्या. चारशे सोळा आणि चारशे अठरा. त्यांच्यावर बसलेली माणसं सरकून बसली आणि जागा बरोब्बर भरली.

काकांना खुर्ची नव्हती. तिघाचौघांनी आपली देऊ केली, पण ते नको म्हणाले. माझ्या पाठीची दांडी दोन्ही हातांनी धरून ते मागे उभे राहिले.

बँड वाजला. मागच्या वर्षीपेक्षा सुमार वाजला, त्यामुळे लोक मागच्या वर्षीपेक्षा मोठ्यानं गायले. शेवटच्या गाण्याला सगळे उठले. बाईही उठल्या, एका हातात काठी, दुसरा हात शेजारणीच्या खांद्यावर. एका वर्षानंतर मी पुन्हा हलकी झाले, बाराशे जणींबरोबर, बोटभर वर. काका मला सोडायला तयार नव्हते. मी दुमडणार नाही, हे सांगायची सोय मला नव्हती. मग त्यांनी तोंड उघडलं. आवाज निघाला की नाही, ते त्या गदारोळात कुणी सांगू शकणार नाही. पण त्यांच्या हातांतून माझ्या दांडीत, दांडीतून पायांत, आणि पायांतून जमिनीत काहीतरी थरथरत गेलं. आठव्या रांगेला ते नक्की पोचलं असणार.

कार्यक्रम संपला. मुकादम ट्रकपाशी खुर्च्या मिटवायला लागला होता. तो आला आणि अदबीनं म्हणाला, "चला बाई, वर पोचवतो."

"मी चढेन जिना," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल थोडा."

"वेळ आहे माझ्याकडे," घड्याळकाका म्हणाले.

मग ते माझ्यापाशी गुडघ्यांवर बसले. खिशातून बारीक पक्कड काढली, आणि माझ्या पायांची तार एकेक फेर करत कापून काढली. निळी लोकर तेवढी राहू दिली. मुकादमानं मला मिटलं. वर्षभरानं मिटताना बिजागरी जरासुद्धा कुरकुरली नाही. ते उंची तेल. त्यानं मला ट्रकमध्ये फेकलं, आणि मी माझ्या बहिणींच्या अंगावर धाडकन जाऊन पडले. त्यांनी मला भरपूर शिव्या दिल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझा रंग तीनदा बदलला, आकडा पुसट झाला, पण सातव्या रांगेत मी अजून उभी असते आणि बाई अजून तासभर आधी येतात. काका छत्री घेऊन यायला विसरतात. आमची निगा राखणं काही अवघड नाही. बिजागरीत थेंबभर तेल घाला, पावसात सोडून जाऊ नका, आणि भुसभुशीत जमिनीवर आमच्या डोक्यावर उभे राहू नका. पण हे सगळं केलंत आणि आम्हाला खिडकीपाशी एकटं ठेवलंत, तर ती निगा नव्हे, बंदोबस्त झाला. तुमच्या घरातही खिडकीजवळ एखादी खुर्ची असेल. तिच्यावर बसून कुणीतरी खालची माणसं बघत असेल. कधीतरी त्या दोघांना उचलून खाली आणा. जागा नाही म्हणून घाबरू नका. सातव्या रांगेत मधोमध पाहा, कुणीतरी ठेवलेली असते.